सत्तर रुपयांची वायर

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
आजोबा जिथं भोपळे वाळत घालायचे
तिथं आता माझं टेबल. मल्टिमीटर, ब्रश, चुंबकी पेचकस,
आणि लोकांची गप्प झालेली यंत्रं.

तासगावचे बेदाण्याचे अडते, रावसाहेब खेराडकर,
टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू छातीशी धरून आले,
तापलेलं पोर आणावं तसा.
‘तबस्सुमताई, हार्डडिस्क गेली. तीन हंगामांचे सौदे गेले.’

मी आधी कान लावला.
अब्बा जवारी काढताना असाच लावायचे.
तार घोडीला टेकते आणि टेकत नाही,
सूर त्या फटीत असतो, म्हणायचे.
इथंही तेच. तबकडी मिनिटाला सात हजार दोनशे गिरक्या घेते,
वर सुई, सुई कसली, हवेवर तरंगणारा कण,
केसाहून कितीतरी बारीक अंतर राखून वाचत जाते.
टेकली की चरा.

डिस्क फिरत होती. खडखड नाही, टकटक नाही.
खर्जातली एकसुरी, स्वच्छ घूंऽ.
म्हणजे वीज पोचतेय, हिचं बोलणं पोचत नाही.
दोन वायरी असतात हिला:
एक रुंद, सप्लायकडून येणारी, खाऊ घालणारी,
दुसरी अरुंद, लाल,
मदरबोर्डाकडे निरोप नेणारी.

लाल उपसली. मधोमध दातांच्या खुणा.
तळाशी धुळीत चार लेंड्या, अर्धा बेदाणा.

रावसाहेब बराच वेळ त्या बेदाण्याकडेच बघत राहिले.
‘हिरवा आहे,’ म्हणाले. ‘चांगला माल.’

नवी वायर, सत्तर रुपये.
टोकाला काटकोनी खाच, उलटी बसतच नाही,
सोयरिकी जुळवताना एवढी सोय असती तर!
पडद्यावर फोल्डर उमटले.
एकावर त्यांनी बोट ठेवलं.
‘हे धाकट्याचं. वाटणी झाली आमची. पुसून टाका.’

पुसलं. मग राहवेना, सांगून टाकलं:
पुसलं म्हणजे अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलं.
आकडे आहेत तिथंच.
जागा रिकामी आहे अशी नुसती नोंद झालीय,
वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते राहतील.

‘किती दिवस?’
तुम्ही किती सौदे करता त्यावर.

त्यांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.
‘म्हणजे यावर इतक्यात काही लिहायचं नाही म्हणता.’

मी तसं म्हटलं नव्हतं.