पाचवी बरणी

ओस्त्रावाहून समुद्र
कुठल्याही दिशेला निघालात तरी दिवसभर लांब.
तरी आमच्या जिन्यात ओहोटीचा वास यायचा.
मी दाराच्या फटीला पायपुसणं लावून झोपायची.

वर ओत्मार. सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत,
आता पेन्शन, खोकला आणि खाऱ्या पाण्याची टाकी.
त्याचे पंप रात्रंदिवस घुरघुरायचे माझ्या छतात,
आणि मी, ट्राम डेपोतून पहाटे परतणारी,
कानावर उशी दाबून
त्याला पाण्यात पाहायची.

मग एकदा लिफ्ट बंद पडली.
मिठाची वीस किलोची बादली
मी दोन मजले त्याच्याबरोबर धरली.
एवढ्यावर त्यानं मला आत बोलावलं.

टाकीत एकच मासा. बोटाएवढा मँडरिन,
निळ्यावर नारिंगी वळणं,
पेन चालतं का बघायला कुणी गिरगटावं तशी.
"हा मेलेलं खात नाही," ओत्मार म्हणाला.
"जिवंतच लागतं, आणि दिवसभर लागतं.
याच्याआधीचे दोघे उपाशी गेले, भरल्या टाकीत."

ड्राहोमीराची भांडी असायची त्या फळीवर
काकडीच्या लोणच्याच्या पाच बरण्या,
शेवाळाचं हिरवं पाणी,
प्रत्येकीत एक नळी, सेकंदाला एक बुडबुडा.
त्यानं काचेला टॉर्च लावला.
आधी काहीच नाही. मग धूळ.
मग ती धूळ धक्का खाऊन थांबली,
पुन्हा धक्का, वल्हं मारल्यासारखा,
आणि एकीच्या मागे अंड्यांची पिशवी
मला, नुसत्या डोळ्यांना, दिसली.
"कोपेपॉड," तो म्हणाला.
खूप नातवंडं असलेला माणूस करून देतो तशी ओळख,
घोळक्यानं, नावं न घेता.

निघताना पाचवी बरणी माझ्या हातात.
"तुझ्याकडे असू दे. सगळे एका घरात नसावेत."
मी का विचारलं नाही. तोच जिन्यातून बोलला,
"आमची आई दोघा भावांना
एका पाळीत खाली उतरू द्यायची नाही."
आणि दार लावून घेतलं.

फेब्रुवारीत छातीसाठी तो अकरा दिवस दवाखान्यात.
जाण्याआधी चारही बरण्यांत दुप्पट हिरवं ओतलं,
गावाला जाणारी बाई मागच्यांसाठी
जास्तीचं रांधून ठेवते तसं.
परतला तेव्हा पाणी दुधाळ,
वर साय, आणि सडक्या अंड्यांचा वास.
टॉर्च लावला. धूळ धूळच राहिली.

तो खाली आला, पायात चपला नव्हत्या.
माझी बरणी खिडकीत, कांद्याच्या पातीच्या कुंडीमागे.
नळी मी केव्हाच काढली होती, झोप लागेना म्हणून.
पाणी आटलं की खुणेपर्यंत साधं पाणी घालायची,
आठवलं तर.
ओत्मारनं काचेवर उजेड धरला
आणि काच हलली.
म्हणजे काच नव्हे; काचेला चिकटलेलं सगळं,
हजार, दोन हजार, पिशव्यांसकट.

"काय घातलंस?"
"काही नाही. विसरले होते."
तो इतका हसला की खोकला लागला,
मग खोकता खोकता खुर्चीत बसला,
आणि बराच वेळ आम्ही दोघं
नुसते पाण्यात पाहत राहिलो.

बारीक जाळीतून गाळून अर्धे त्यानं वर नेले.
अर्धे माझ्याकडे.
माझ्या बरणीवर त्यानं चिकटपट्टी लावली
आणि खाणीतल्या फळ्यावर लिहीत असेल तशा
ठसठशीत अक्षरांत लिहिलं:
दुसरी पाळी.