वळण

पूर्वी जाहिरात म्हणजे एवढंच:
गुर्जानीच्या अलीकडे रस्ता वळतो,
वळणावर गाड्या मंदावतात,
आणि मंदावलेल्या माणसाला दिसतात
नाझिब्रोला मावशीच्या दारातल्या चुर्चखेला –
दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या दाट रसात
बुडवून, वाळवून, दांडीला टांगलेले,
तपकिरी, सुरकुतलेले, तिच्याच बोटांसारखे.
वळण बोलायचं, मावशी पैसे मोजायची.

मग सरकारने सरळ रस्ता बांधला,
अकरा किलोमीटर पलीकडून.
सरळ रस्त्यावर कुणी मंदावत नाही.
त्या एप्रिलात एका आठवड्यात तीन माळा गेल्या,
त्यातली एक कुत्र्याने नेली.

मी म्हटलं, मावशी, फोनवर आपलं पान उघडू.
उघड, ती म्हणाली. पानावर ऊन येतं का?

पहिल्या फोटोला चार बदाम.
तीन माझ्याच चुलतभावांचे.
अक्रोडाला बदाम कशाला, मावशी म्हणाली.
मग वीस लारी भरून फोटो पुढे ढकलला.
नऊ हजार लोकांनी पाहिला. नऊ हजार! मी ओरडले,
आपल्या गावात एवढे डोळेही नाहीत.
चुलीत लाकूड सारत तिने विचारलं,
खिशात हात किती जणांनी घातला?
दोघांनी.
आणि मनीलाहून एकाने विचारलंय,
या मेणबत्त्या किती तास जळतात?
लिही, ती म्हणाली,
आमचं दिवाळं निघेपर्यंत.

रात्री जागून मी शिकले:
मंगळवारी आठला टाकावं,
तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे,
वर अमुक गाणं, खाली तमुक शब्द.
काहीच चाललं नाही.
चाललं ते ऑक्टोबरात, माझ्या नकळत:
दोरा तुटला, अक्रोड कढईत बुडाले,
आणि मावशीने दोरा विकणाऱ्या उशांगीच्या
सात पिढ्यांचा उद्धार केला.
फोन चालूच होता.
दोन लाख. तिबिलिसीच्या एका कॅफेची मागणी,
एका लग्नघराची चाळीस माळांची.
उशांगीही आला. रागावून नाही,
म्हणाला, शिव्या दिल्यास ते ठीक,
दुकानाचं नाव तरी नीट घ्यायचंस.

घाई झाली. ओली माळ मी खोक्यात भरली,
बातुमीला पोचेस्तोवर बुरशी.
एक चांदणी मिळाली, पाचातली एक,
आणि खाली चार ओळी.
तीस वर्षांत तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं;
वळणावरचा माणूस आधी तुकडा चाखायचा.
मावशीने चष्मा लावून त्या ओळी दोनदा वाचल्या,
रात्री जेवली नाही.
सकाळी मला लिहायला बसवलं:
"बाई, चूक आमची. नवी पाठवते, पैसे नकोत.
वाऱ्याला टांगा, फ्रीजमध्ये कोंडू नका."
ती बाई आता दर महिन्याला सहा माळा मागवते.
याला मार्केटिंग म्हणतात का, मावशीने विचारलं.
मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

आता वहीत दोन रकाने आहेत: फोन, रस्ता.
गिऱ्हाईक आलं की मावशी आधी ते विचारते, मग भाव सांगते.
फोनचा रकाना लांब आहे, खरंय.
त्यातून कुरिअर, खोकी, ढकलण्याचे लारी
आणि माझी झोप वजा केली
तर रस्ता फार मागे नाही.

काल एक म्हातारा आला. जुनी निळी गाडी,
बॉनेटखालून वाफ.
फोनवरून? नाही.
रस्त्यावरून?
कुठला रस्ता, तो म्हणाला, मी वाट चुकलोय.
मावशी पेन्सिल धरून थांबली.
मग एक माळ कापून तिने बशीत ठेवली,
त्याला खुर्ची दिली,
आणि इंजिन निवेपर्यंत
वहीत तिसरी रेघ आखत बसली.