कलम सात

छत्तिसावा आठवडा लागला तेव्हा डॉक्टर गोडांबे म्हणाल्या,
तुम्हाला काय हवं, काय नको, लिहून आणा.
एकच पान. पाठपोट नको.

मला हसू आलं.
एल वॉर्डात अकरा वर्षं मी निविदाच लिहिते.
गटारांची झाकणं, शाळांचे पंखे,
कुर्ल्याच्या स्मशानातली लाकडं.
काय हवं, किती हवं, कधीपर्यंत,
हे लिहायचाच पगार मिळतो मला.

तरी पहिल्या ओळीला रात्रीचा एक वाजला.
'कळा सुरू झाल्यास' असं लिहिलं,
मग 'झाल्यास' खोडून 'झाल्यावर' केलं.

कलम एक. लिफ्ट साडेअकराला बंद होते.
चावी चौथ्या मजल्यावर, फर्नांडिसांकडे.
ते कानातलं यंत्र काढून झोपतात,
बेलच्या भरवशावर राहू नये, दार बडवावं.

कलम दोन. निनाद आत असावा.
रक्त बघून त्याला घेरी येते.
तरी असावा. खुर्ची द्यावी.

कलम तीन. 'जोर लाव, जोर लाव' असं कुणी ओरडू नये.
ओरडायचं झालं तर मी ओरडेन.

कलम चार. काप देण्याआधी मला विचारावं,
माझ्या नावानं.
'बाई' म्हणू नये, 'मम्मी' तर नाहीच.

कलम पाच. नाळ लगेच कापू नये,
ठोके थांबेपर्यंत थांबावं.
निनादनं वाचलं, मान डोलावली,
म्हणजे आपल्या चावीवाल्यासारखं, म्हणाला,
प्रेशर गेल्यावरच व्हॉल्व्ह बंद.

सहावं दोन दिवस कोरं होतं.
सिझर करावं लागलं तर.
बाळ रडलं नाही तर.
जिथे काहीच माहीत नसतं तिथे आम्ही ऑफिसात लिहितो
'प्रत्यक्ष स्थळपाहणीनुसार'.
तेच लिहिलं.

रविवारी आई आली,
जुन्या वायलच्या साड्यांची दुपटी घेऊन.
चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत
तिनं सगळा कागद वाचला.
आम्हाला कुठे काय विचारलं, म्हणाली.
बांगड्या काढ म्हणाले, नवऱ्याचं नाव सांग म्हणाले.
एका खाटेवर दोघी,
हिचे पाय तिच्या उशाशी.
तू झालीस तेव्हा ती दुसरी गाढ झोपली होती.

आणि विचारलं असतं तर?

आईनं एक दुपटं घडी केलं,
उलगडलं,
पुन्हा घडी केलं.
खिडकी, म्हणाली.
डोक्याशीच होती, रात्रभर बंद.
खाली परळच्या गल्लीत कुणीतरी भांडी घासत होतं,
पुसट यायचा आवाज.
मला तो नीट ऐकायचा होता.

मग सांगितलं का नाहीस?
कुणाला सांगू, म्हणाली,
आणि दुपटी मोजायला लागली. चौदा होती.
एक कुठेतरी कमी पडतंय म्हणाली.

कलम सात. खिडकी उघडी असावी.

मंगळवारी सिस्टर शायनीनं
लाल पेनानं एकेका कलमावर खूण केली.
सातव्यावर पेन थांबलं.
मॅडम, लेबर रूमला एसी आहे,
काच फिक्स आहे, उघडत नाही.
माहीत आहे, म्हटलं. राहू दे.
तिनं खांदे उडवले,
कोपऱ्यात पिन मारून कागद फायलीला लावला.

आमच्याकडेही असतात अशा बाबी,
ज्यांना एकही ठेकेदार दर भरत नाही.
दर वर्षी पुन्हा टाइप होतात.

परतताना रिक्षात लक्षात आलं,
खाली सही राहिली. माझी.
दुसऱ्या पक्षाला तर
अजून मसुदाच दाखवलेला नाही.