उंची पाच फूट आठ

आईने माझा बायोडेटा छापून आणलाय
करी रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून,
पन्नास प्रती, कोपऱ्यात लाल गणपती.
चि. विश्वजित. उंची पाच फूट आठ.
आहे पाच-सहा.
वरचे दोन इंच बहुतेक मामाने घातले आपल्या खिशातले.

स्वभाव : शांत.
हे वाचून शेजारचा सुभान्या चहा सांडेपर्यंत हसला,
गेल्या वर्षी चौकीतून मला त्यानेच सोडवून आणलेलं.
अपेक्षा : सुस्वरूप, घरगुती, नोकरी असल्यास चालेल.
त्या 'चालेल'खाली मी पेनाने रेघ मारली,
इतकी दाबून
की खालच्या सात प्रतींवर उमटली.

नयना वैती ससून डॉकजवळच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
पहाटे तीनला कामावर, दुपारी बाराला तिची रात्र.
बोटं कायम गार.
पहिल्यांदा तिने माझा कान पिळला तेव्हा वाटलं
कुणी रुपया चिकटवला.
आमच्या घरात तिला नाव नाही. 'ती डॉकवाली.'
मावशी म्हणाली, वास येत असेल ना रे?
येतो.
कार्बन पेपरचा.
मी ताट भिरकावलं. आमटी कॅलेंडरवर,
अख्खा मार्च पिवळा.
अण्णा काही बोलले नाहीत, उठून फडकं आणलं.

त्याच रात्री स्कूटर काढली, थेट डॉक.
म्हटलं, चल, सकाळी नोटीस लावून येऊ रजिस्ट्रारकडे,
बघू कोण काय करतं ते.
ती लाद्या मोजत होती, थांबली नाही.
एकशे बारा. एकशे तेरा.
मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाली,
"तुला माझ्याशी लग्न करायचंय
की मावशीशी भांडण?
दोन्ही एका रकान्यात मला लिहिता येत नाही.
आणि माझ्या आईला विचारलंस कधी?
ती म्हणते, घाटी पोरगा,
काटे काढत बसेल जन्मभर."

काटा मला लागतोच, हे खरंय.
दर वेळी. तिच्यासमोर मी भाताचा गोळा गिळतो
आणि काही झालंच नाही असा चेहरा करतो.

आकड्याने लादी ओढत एक म्हातारा गेला,
मागे ओली रेघ.
चपला भिजेपर्यंत मी तिच्यावरच उभा.
एकशे चौदा, ती म्हणाली, बाजूला हो.

घरी पोचलो तेव्हा साडेचार. अण्णा जागे.
ट्यूबलाइटखाली पन्नास प्रती, व्हाइटनरची बाटली,
चष्मा कपाळावर.
एकेका कागदावर आठाचा सहा करत होते.
"खोटं नको," एवढंच.
एकतिसावी चालू होती.

मी शेजारी मांडी घातली. एक प्रत ओढली,
ब्रशचं पांढरं टोक 'शांत'वर टेकवलं
आणि ते वाळायची वाट बघत बसलो.
अण्णांनी वाकून फुंकर घातली.
बराच वेळ कुणी काही नाही.
मग कागदावरची नजर न काढता ते म्हणाले,
"तिची उंची किती रे?"

मला सांगता येईना.