सहा वाजून दहा

पहिल्या वर्षी मी नियम लिहिले होते, एकवीस.
फ्रिजवर लावले, मगरीच्या चुंबकाखाली.
ताप असेल तर घरी.
खेळणी घरून आणू नयेत.
सहाच्या पुढे दर पाच मिनिटांना पाच डॉलर.
मगर अजून आहे.
कागदाची टोकं कुणीतरी कधीच चघळली.

थंडर बेमध्ये जानेवारीत साडेसातला
अजून रात्रच असते.
दारात सहा पोरं, त्यांचे बर्फाचे बूट,
मागे त्यांची घाईतली माणसं,
आणि त्यांच्याही मागे धूर सोडत चालू ठेवलेल्या गाड्या.
मी चेन ओढते, मक्याचं कणीस सोलावं तसं
एकेक पोर जाकिटातून बाहेर काढते.
आत रडकं निघेल की हसरं,
सांगता येत नाही.

वेंडेलची आई म्हणाली, "रात्रभर छान झोपला."
ओठाच्या कोपऱ्यात औषधाचा जांभळा डाग,
श्वासाला खोट्या द्राक्षांचा वास.
दहा वाजता औषध उतरलं, कपाळ तव्यासारखं तापलं.
फोनवर माझा आवाज चढला.
तो अजून मला ऐकू येतो, मधूनच, भांडी घासताना.
मागाहून कळलं, गोदामात तिसरी रजा म्हणजे नोकरी गेली.
नियम चुकला नव्हता.
मी चुकले, असंही नाही.
तरी पुढचे कितीतरी दिवस ती पोराला
माझ्या हातात न देता
उंबरठ्यावर ठेवून जायची.

तूली पहिल्यांदा चालली ती माझ्याकडे, मंगळवारी,
ओव्हनच्या दांडीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत.
साडेचार पावलं.
मी पोटात ठेवलं.
शुक्रवारी तिचा बाप खाणीवरून परतला, रात्री फोन,
"इर्या, चालली! आत्ता! सात पावलं!"
"काय सांगतोस!" मी ओरडले,
आणि त्यात खोटं काही नव्हतं.
सात मला नवीनच होती.

आता कोरिनचं.
कोरिनची गाडी सहाच्या आतच माझ्या अंगणात येते.
दिवे विझतात. ती उतरत नाही.
पहिल्या हिवाळ्यात मी दहा मिनिटांचे दहा डॉलर लावले.
ती द्यायची, सुटे, मोजून, एक शब्द न बोलता.
मला वाटायचं, काय गुर्मी आहे!
मग एकदा कचरा टाकायला बाहेर गेले.
काचेला आतून वाफ धरलेली,
आणि ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली.
रडत नव्हती. फोनवर नव्हती.
दिवसभर वृद्धाश्रमात दुसऱ्यांची अंगं पुसायची,
घरी दोन पोरं, एक आजारी सासरा,
आणि मधल्या या दहा मिनिटांत
ती कुणाचीच कुणी नव्हती.
मी पिशवी हळूच सोडली,
डब्याचं झाकण वाजू दिलं नाही.

नियम काढला नाही. नियम तोच आहे.
फक्त माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
तेव्हापासून दहा मिनिटं मागे चालतं.
"सेल बदलायला हवा," मी म्हणते.
"हो, हवा," कोरिन म्हणते,
आणि मुलीच्या बुटाची गाठ सोडत बसते
जी मी आत्ताच बांधलेली असते.
बाकीचेही फायदा उठवतात.
उठवू देत.

सगळे गेले की एक हातमोजा उरतो. नेहमी एकच,
कुणाचा ते कळत नाही.
रेडिएटरवर वाळत घालते.

एक सांगायचं राहिलं.
त्या सहा पोरांत माझा एलियास सातवा असायचा.
माझी मांडी त्याला पाळीनं मिळायची.
एकदा जेवताना त्यानं दूध मागितलं,
"मिस इर्या, अजून," इतरांसारखंच.
सगळी पोरं हसली, मीही हसले,
आणि दूध थोडं टेबलावर सांडलं.

आता तो विनिपेगला असतो.
दर रविवारी फोन करतो, सहाला.
कधी उशीर होतो.
मी काही लावत नाही.