शनिवारी बंद

सिडकोतल्या घरात, लोखंडी कपाटावर,
पितळी डब्यांच्या शेजारी
एक मशीन रात्रंदिवस चालू असतं.
शरणपूर रोडवरचा टायपिंग क्लास बुडाला
तेव्हा अठराशेला आणलेलं,
रिक्षात मांडीवर घेऊन.
त्याच्या कपाळावर अजून चिकटलेलं आहे:
‘यंत्र क्र. ७. चपला बाहेर.’

कुमुद म्हणाली, भाड्याने जागा मिळते म्हणे,
वीज त्यांची, झाडलोट त्यांची.
मी म्हटलं, चौतीस वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काढली.
आता जे काही माझं असेल
ते माझ्या कपाटावर.
तिने डबे थोडे सरकवले.
एवढीच परवानगी.

तळमजल्यावरचा शार्दूल दोन संध्याकाळी येऊन शिकवून गेला.
मशीनला पासष्ट हजार दारं असतात, काका,
त्यातली दोनच उघडी ठेवा.
पासष्ट हजार!
आणि आम्ही दोघं एका खोली-स्वयंपाकघरात,
बाल्कनीचं दार पावसाळ्यात फुगलं
की तेही लागत नाही.

मग सुधारणा सुरू झाल्या.
अक्षर चार वेळा बदललं,
एकात ‘ळ’ लंगडत होता,
एकात ‘श्र’ फुटत होता.
जन्म तपासणीत गेलेला, नजर ऐकेना.
समास एक केस आत.
मागचा रंग पांढरा, मग ताकासारखा,
मग पुन्हा पांढरा.
तारीख मराठीत यावी म्हणून अख्खा रविवार घातला.
आली.
पहाटे उठून बघतो तर कालची.

तिसऱ्या महिन्यात कुमुदने
कप खाली ठेवता ठेवता विचारलं,
‘आणि लिहिलंय काय?’

काही नाही.
घासून घासून आरसा केलेला पोलादी ठोकळा,
त्याला एक भोकसुद्धा पाडलेलं नाही.

त्या रात्री गांगुर्डेवर लिहिलं.
सातपूरची शेड, कानस, तेलात भिजलेला पोत्याचा तुकडा.
तो उजव्या अंगठ्याने कड चाचपायचा
आणि म्हणायचा, अहिरे, दोन मायक्रॉन जास्त.
मी मायक्रोमीटर लावायचो.
दोन.

आठवड्याने शार्दूलने आकडा दाखवला: एकेचाळीस.
छाती जरा फुगली, तोवर तो म्हणाला,
यातली सदतीस नुसती यंत्रं, काका,
जगभर दारं ठोठावत हिंडणारी.
आणि तीन वेळा तुम्हीच.

उरला एक.

त्या एकाचा फोन शुक्रवारी रात्री आला, ओझरहून.
‘मी गांगुर्डेंची थोरली, मंदाकिनी.
तिन्ही वेळा मोठ्याने वाचलं, आईला ऐकवलं.
फक्त एक सांगू?
बाबा डावखुरे होते.’

एकोणीस वर्षं मी त्याच्या समोर उभा होतो.
समोर.
त्याचा डावा माझ्या उजवीकडे.
हजारो जॉब त्याचे पास केले, नापास केले,
आणि हात कुठला ते
मला पोरीने सांगावं लागलं.

दुसरा दिवस शनिवार.
आमचे येथे शनिवारी दुरुस्तीसाठी वीज नसते,
तशी पाटीच लावली आहे मी पानाच्या माथ्यावर,
चक्कीवाल्याची बघून.
नऊपासून सहापर्यंत तो एक शब्द
तोंडात सुपारीसारखा धरून बसलो.
दुपारी वाटीच्या कडेवरून डावा अंगठा फिरवून पाहिला.
काही कळलं नाही.
वाटी गुळगुळीत होती, एवढंच.

सहा वाजून दहा मिनिटांनी दिवे आले.
क्रमांक सातला जागं व्हायला चार मिनिटं लागतात.
‘उजव्या’ खोडलं.
‘डाव्या’ लिहिलं.
अक्षर तेच, रंग तोच, समास तिथेच.

मंदाकिनीला फोन लावला नाही.
बघेल ती.

पंखा घरघरतो, त्याने कडेचा डबा किणकिणतो.
कुमुद म्हणते, त्याखाली कागदाची घडी घाल.
घालतो.
आधी गांगुर्डेच्या डब्याबद्दल दोन ओळी राहिल्यात,
त्यात रोज लसणाची चटणी असायची.
की मिरचीचा ठेचा?
विचारायला हवं.