अंगठा

आधी त्या निळ्या बाटलीबद्दल.
मीच आणायचे ती, कोपरखैरण्याच्या नाक्यावरून,
एकावर एक फुकट.
मागे धोक्याचं चित्र होतं,
ते भिंतीकडे फिरवून ठेवायचे.

त्या दिवशी पाहुणे येणार होते.
द्रुपदाला म्हटलं, ऍसिड टाक, वर ब्लीच पण टाक,
दोन्ही टाक, चकचकीत व्हायला हवं.
रुमालाएवढी खिडकी. दार बंद.
बाहेर आली ती भिंत धरून,
पदर तोंडात कोंबलेला,
आणि जिन्यात दुसऱ्या पायरीवर बसली.
खोकला थांबल्यावर म्हणाली,
"ताई, तुमच्या घराला वास मात्र लई स्वच्छ येतो."

मी पाणी दिलं.
तिच्या वेगळ्या पेल्यातून.

वाशीच्या फळबाजाराबाहेरचा ज्यूसवाला
मोसंबीच्या साली पिशवी भरून देतो,
विचारतो, गाय पाळलीत का?
तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी.
काचेची बरणी नको. प्लास्टिकची बाटली,
तीही वर थोडी रिकामी,
श्वासापुरती.
पहिला महिना रोज झाकण सैल करायचं:
फुस्स.
सिंकखाली कुणीतरी उसासा टाकल्यासारखं.
"हातभट्टी लावलीस काय," हे म्हणाले,
"सोसायटीची नोटीस येईल."
एकदा दोन दिवस अलिबागला गेलो, विसरले.
झाकण छताला, गूळपाणी डाळींच्या डब्यांवर,
मुंग्यांना आवतण.
पुन्हा पहिल्यापासून.

तीन महिन्यांनी द्रुपदानं ते बोटांत चोळून पाहिलं.
"फेस कुठंय?"
फेस नाही तर भरवसा नाही.
भांड्यांना रिठ्याचं पाणी दिलं,
तांब्याच्या कळशीला चिंच.
ती हसली. "हे तर आमच्याकडं
पैसे नसले की करत्यात."

नळाखालचा पिवळा डाग अजून आहे,
खोटं कशाला बोलू.
पेलाही अजून वेगळाच आहे.
तो डाग कशानं निघतो
ते कुठल्याच कृतीत लिहिलेलं नाही.

परवा मात्र ती उशिरा आली, हात पुढे करूनच.
तुर्भे स्टोअरच्या रेशन दुकानात
मशीननं तिचा अंगठा घेतला.
वर्षभर घेत नव्हतं. रेषाच नव्हत्या.
दर महिन्याला लेक खाडा करून यायचा
आणि त्याचा अंगठा लावायचा.
मला हे कधी बोलली नव्हती.
मीही कधी तिचे हात बघितले नव्हते.
"तीनदा नाय म्हनलं. चौथ्यांदा हिरवा दिवा."

खिडकीशी नेऊन चष्म्यातून पाहिलं:
पुसट, बारीक, एकात एक वळलेल्या रेषा.
बोट थोडं आंबूस, मोसंबीचं.

"एक बाटली भरून द्या," म्हणाली,
"बी विंगच्या चार घरांत अजून ती निळीच हाय.
त्यांना सांगू नका काय ते.
मी टाकते त्यात
थोडी नीळ."